फार्मसीची पदवी आणि तिच्यापुढची उमेदवारी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला आणि तो पुढे गावोगाव पसरला. अशा मालेत विद्वानांनी बोलावे, हा शिरस्ता. आम्ही विद्वान नव्हे. दहावीनंतर शाळेचा आणि आमचा संबंध तुटला. पुढचे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि १८२८ पासून चालत आलेल्या आपल्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयातल्या पुस्तकांवर. तेव्हा फार्मसीच्या पदवीनंतर रुग्णालयात राहून घ्यावयाच्या शिक्षणाविषयी आम्ही बोलणार, हे ऐकून चालकांनाही थोडे नवल वाटले. युनियनवाल्याचा या विषयाशी संबंध काय, असे त्यांनी विचारलेही.

संबंध दोन प्रकारचा आहे. एक तर आजारी कामगाराला रुग्णालयात पोचवण्याचे आणि बिलाची घासाघीस करण्याचे काम युनियनच्या माणसाला वारंवार करावे लागते. त्यामुळे रुग्णालयाचे पुष्कळसे अंतरंग आम्ही व्हरांड्यात बसून पाहिले आहे. दुसरे असे की, ज्याला हे लोक रेसिडेन्सी किंवा इंटर्नशिप म्हणतात, त्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: उमेदवारी. आणि उमेदवारी हा तर आमचा रोजचा विषय. तेव्हा आज या दोन बाजूंनी जे कळले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. गोष्ट आठेक वर्षांपूर्वीची. इथल्या औद्योगिक वसाहतीतला एक लेथवरचा कामगार, वय पन्नाशीच्या आतबाहेर, मधुमेहाचा जुना रोगी. पायाची जखम चिघळली म्हणून त्याला घाटावरच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. शस्त्रक्रिया चांगली झाली. नव्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन तो घरी आला. घरी विश्रांती चालू असता त्याला मधूनमधून घाम येई, हात कापत. अशक्तपणा असेल म्हणून कोणी लक्ष दिले नाही. पुढे तो कामावर रुजू झाला. दुसऱ्या पाळीत एके दिवशी जेवायला उशीर झाला आणि चालत्या यंत्रापाशी तो कोसळला. शेजारच्या गड्याने बटण बंद केले म्हणून हात वाचला.

रक्तातली साखर पार उतरली होती. सलाईनमधून ग्लुकोज दिले की तो शुद्धीवर येई, आणि काही तासांनी साखर पुन्हा खाली जाई. अखेर त्याच इस्पितळात त्याला परत नेले. त्याची बायको आणि आम्ही खाटेपाशी उभे होतो. पांढरा कोट घातलेली तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी आली. आम्ही तिला शिकाऊ डॉक्टरच समजलो. तिने नाडी पाहिली नाही की छाती तपासली नाही. तिने विचारले, "काकू, घरी जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीसकट आणाल का?"

"सगळ्या कशाला गो बाय? जुन्या पण?"

"जुन्या पण. एकही मागे ठेवू नका."

दुसऱ्या दिवशी पिशवी आली. त्या मुलीने खाटेवर वर्तमानपत्र पसरले आणि एकेक पट्टी हातात घेऊन बारीक अक्षरे वाचत वेगवेगळे ढीग लावले. अखेर दोन पट्ट्या तिने शेजारी शेजारी ठेवल्या. कंपन्या निराळ्या, रंग निराळे, मोठ्या अक्षरांतली नावेही निराळी. खाली बारीक अक्षरांत दोन्हींवर एकच औषध: ग्लिमेपिराइड. साखर उतरवणारी गोळी. एक गोळी गावच्या डॉक्टरांची जुनी, दुसरी इस्पितळातली नवी. बिचारा इमाने इतबारे दोन्ही घेत होता. गावचे डॉक्टर चुकले नव्हते, इस्पितळातले डॉक्टरही औषध चुकले नव्हते. दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकींशी ताडून पाहणारे माणूसच मध्ये नव्हते.

आम्ही तिला विचारले, "मग पहिल्या खेपेलाच हे का नाही कळले?" ती म्हणाली, "काका, तेव्हा हे सर्जरीच्या वॉर्डात होते. तिकडे त्या महिन्यात आमच्यापैकी कोणाचीच नेमणूक नव्हती." आणि मग सवयीने आम्ही तोंडातून काढले, "तुला पगार किती?" ती हसली. "पगार कसला? या वर्षाची फी भरलीय मी."

ही मुलगी डॉक्टर नव्हती, परिचारिका नव्हती. ती फार्मसीची विद्यार्थिनी होती आणि तिचे निवासी उमेदवारीचे वर्ष चालू होते. त्या दिवसापासून हा विषय आमच्या डोक्यात बसला.

आता हे शिक्षण म्हणजे काय ते पाहू. आपल्या पिढीला औषधवाला म्हटले की कंपाउंडर आठवतो. दवाखान्यातल्या लाकडी खिडकीआड तो मिक्स्चर ढवळी, घरून आणलेल्या बाटलीत ओती आणि कागदाची कातरलेली पट्टी बाटलीवर चिकटवी. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत एक डोस. ही विद्या तो डॉक्टरच्या हाताखाली राहून, पाहून पाहून शिकलेला असे. आपल्या शेजारच्या गोव्यात पणजीला १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली, तीत औषधशास्त्रही शिकवीत. पण देशात या धंद्याला कायद्याची चौकट मिळाली ती १९४८ च्या फार्मसी कायद्याने. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टखेरीज कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, हे तत्त्व त्या कायद्यात आले, आणि शिक्षणाचे नियम करायला फार्मसी कौन्सिल स्थापन झाले.

आज या विद्येच्या पायऱ्या अशा आहेत. पहिली पदविका, म्हणजे डी. फार्म. दोन वर्षे अभ्यास आणि नंतर किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष काम, तेही तीन महिन्यांहून कमी काळात उरकायचे नाही. दुसरी पदवी, बी. फार्म., चार वर्षांची. पदविकावाल्याला तिच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. पदवीनंतर बहुतेक मुले कारखान्याकडे, औषध विकणाऱ्या कंपन्यांकडे किंवा दुकानाकडे वळतात. ज्याला रोग्याच्या खाटेपाशी काम करायचे आहे, त्याला दोन वाटा. एक एम. फार्म.ची, दोन वर्षांची. तीत 'फार्मसी प्रॅक्टिस' हा रुग्णालयाचा विषय घेता येतो. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत गेलेल्यासाठी दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती ठेवलेली आहे.

दुसरी वाट फार्म. डी.ची. ही पदवी आपल्याकडे २००८ च्या नियमांनी आली. बारावीनंतर किंवा पदविकेनंतर थेट गेले तर सहा वर्षे: पाच अभ्यासाची, सहावे निवासी उमेदवारीचे. बी. फार्म. झालेल्याला तीन वर्षे: दोन अभ्यासाची, तिसरे उमेदवारीचे. उमेदवारीच्या वर्षात सहा महिने सर्वसाधारण औषधविभागात आणि दोन-दोन महिने आणखी तीन विशेष विभागांत काढायचे. नेमून दिलेल्या वॉर्डाचे औषधकाम उमेदवाराने स्वतः पाहायचे. त्यासाठी महाविद्यालयाला किमान ३०० खाटांचे रुग्णालय लागते. आपल्या मुलांना जवळची ठिकाणे म्हणजे पुण्याचे पूना कॉलेज ऑफ फार्मसी किंवा बेळगावचे केएलई. या दोन्ही ठिकाणी त्याच संस्थेचे मोठे रुग्णालय आहे.

परदेशाची वाट बरेच आईबाप विचारतात, म्हणून तेही दोन शब्दांत सांगतो. अमेरिकेत २००३ पासून बाहेरच्या पदवीधरासाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची अट आहे. आपली चार वर्षांची बी. फार्म. तिथे अपुरी पडते. तिकडची निवासी उमेदवारी पदवीनंतर एक वर्षाची, विशेष विषय हवा असल्यास दोन वर्षांची असते. इंग्लंडात नोंदणीपूर्वी ५२ आठवड्यांची उमेदवारी सर्वांनाच करावी लागते. दोन्ही देशांत या काळात उमेदवाराला वेतन मिळते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी.

वर्षभर हा उमेदवार करतो काय? त्या मुलीच्या मागे दोन सकाळी हिंडून आम्ही ते पाहिले. डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आधी ती प्रत्येक खाटेचा कागद वाचते. रोग्याचे वजन, वय, मूत्रपिंडाची तपासणी पाहते, कारण काही प्रतिजैविके मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. मूत्रपिंड थकलेले असेल तर नेहमीची मात्राही शरीरात साचून विषासारखी वागते. कोणती दोन औषधे एकमेकांशी भांडतात ते ती पाहते. हृदयाच्या रोग्याला रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल आणि त्यातच जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल सुरू झाले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. फेरीत ती डॉक्टरांच्या कानावर हे घालते. निर्णय डॉक्टरांचा, पण दुसरी नजर तिची. दुपारी घरी जाणाऱ्यांना ती समजावून सांगते: थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी, दोन्ही एकदम घेतल्या तर थायरॉईडची गोळी नीट लागू पडत नाही. औषधाने अंगावर पुरळ उठले, चक्कर आली, तर त्याची नोंद करून ती राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे पाठवते. हा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. अशी तक्रार सामान्य माणूसही १८००-१८०-३०२४ या विनामूल्य क्रमांकावर कळवू शकतो. हा क्रमांक आपण घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवावा.

आता कोणी म्हणेल, हे सारे पुस्तकात असतेच ना? मग उमेदवारी कशाला? आमचे उत्तर कामगाराचे आहे. लेथ कसा चालतो हे पुस्तकात सचित्र दिलेले असते. परंतु हत्यार बोथट झाले की धातूचा आवाज बदलतो, हे कानाला कळायला उस्तादाशेजारी उभे राहावे लागते. कोणती औषधे भांडतात हे पुस्तकातून पाठ होईल. पण म्हातारा रोगी "सगळ्या गोळ्या घेतो" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलतो की विसरतो, की पैसे वाचवायला गोळीचे दोन तुकडे करतो, हे खाटेपाशीच कळते. घाईत असलेल्या डॉक्टरला त्याची चूक चारचौघांत न दुखावता कशी सांगावी, हेही कोणत्या पुस्तकात नसते. लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत धोक्याची वाहिनी उघडायची तर एकाने परवाना लिहायचा आणि दुसऱ्याने जागेवर जाऊन तपासून सही करायची, अशी पद्धत असते. पहिल्या माणसाला अक्कल नाही म्हणून दुसरी सही घेत नाहीत. माणूस आहे तिथे चूक होणारच, म्हणून घेतात. रुग्णालयातली औषधाची दुसरी सही करण्याची लायकी या उमेदवारीने यायची असते.

ही दुसरी सही नसली तर काय होते, याचा दाखला महाराष्ट्रानेच पाहिला आहे. १९८६ साली आम्ही सोळा वर्षांचे होतो आणि परळला मामाकडे राहत होतो. गिरण्यांच्या संपाला चार वर्षे झाली होती आणि मामाला काम उरले नव्हते. त्या वर्षाच्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. रोग्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकोल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या कारभाराची लक्तरे त्यांनी वेशीवर टांगली. चाळीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि बायका डोळ्यांना पदर लावीत. एखादा शिकाऊ उमेदवार हा अनर्थ टाळू शकला असता, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तिथले दुखणे फार वरचे होते. पण रुग्णालयात औषधाचा जाणकार असा माणूस हवा, ज्याच्याजवळ विद्या आहे, ज्याला वॉर्डात शिरण्याचा हक्क आहे आणि संशय आल्यास साठा थांबवण्याचा अधिकार आहे. नुसत्या कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारा पुरेसा नाही. एवढा धडा त्यातून निश्चित निघतो.

इतर देशांना हे कसे सुचले, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी १९२७ साली फार्मासिस्टांसाठी पहिली उमेदवारी सुरू केली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या रुग्णालयीन फार्मासिस्टांच्या संघटनेने अशा उमेदवारीला मान्यता देण्याची मोजमापे ठरवली. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात नवव्या मजल्यावर एक प्रयोग झाला. फार्मासिस्ट तळघरातल्या कोठारातून उठला आणि रोग्यांच्या मजल्यावर चोवीस तास जाऊन बसला. त्या एका मजल्यावरच्या प्रयोगाने पुढे देशभर शिक्षणाची तऱ्हा बदलली. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात म्हैसूर आणि उटी येथील जेएसएस महाविद्यालयांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या रुग्णालयाचे साह्य घेऊन हा विषय सुरू केला. म्हणजे गोष्ट परकी असली तरी या मातीत रुजू शकते, हे दाखवून झाले आहे. आणि मोजमापे धंद्याच्या संघटनेने ठरवली, ही गोष्ट आमच्यासारख्याला विशेष मोलाची वाटते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. उमेदवारी हा शब्द 'उमेद' या शब्दातून आला आहे. आज फुकट राबतो, उद्या पोट भरेल, या आशेवर ती चालते. या आशेचा गैरफायदा घेणारे मालक आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. शिकाऊ म्हणून पोरगा ठेवायचा, त्याच्याकडून झाडू मारून घ्यायचा, वर्ष संपले की दुसरा पोरगा आणायचा. हे थांबवायला १९६१ साली शिकाऊ उमेदवार अधिनियम झाला. त्यात लेखी करार आला, मुदत आली, कामाचे तास आले, विद्यावेतन आले, इजा झाल्यास भरपाई आली. त्या कायद्यालाही उणीव आहे. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही. तरी पण उमेदवार म्हणजे फुकटचा गडी नव्हे, एवढे तत्त्व त्याने मान्य करवले. रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनीही मार्ड ही संघटना बांधून, वेळोवेळी लढून आपले विद्यावेतन वाढवून घेतले आहे.

या अनुभवावरून कोणत्याही उमेदवारीला आम्ही तीन कसोट्या लावतो. शिकवणारा उस्ताद शेजारी उभा आहे काय? उमेदवाराच्या पोटापाण्याची सोय आहे काय? आणि उमेदवारी संपल्यावर त्या विद्येची जागा कुठे आहे काय? फार्मसीच्या निवासी वर्षाला या कसोट्या लावल्या तर काय दिसते ते मनमोकळेपणाने सांगतो.

पहिली कसोटी उस्तादाची. काही ठिकाणी अध्यापक रोज सकाळी उमेदवारांबरोबर वॉर्डात असतात. तिथली मुले खरोखर तयार होतात. काही ठिकाणी मात्र महाविद्यालय एका गावात, रुग्णालय दुसऱ्या गावात, आणि दोहोंमध्ये एक करारपत्र. अध्यापक महिन्याकाठी येतो, वह्यांवर सह्या करतो आणि जातो. अशा मुलांना वॉर्डात कोणी ओळखत नाही. ती कोपऱ्यात उभी राहून कागद उतरवतात. असे बारा महिने उभे राहून पाय दुखतील, पण हाताला विद्या लागणार नाही.

दुसरी कसोटी पोटाची. आम्ही पाहिलेल्या मुलीसारखी पुष्कळ मुले या वर्षात विद्यावेतनाशिवाय राबतात आणि वर फीही भरतात. त्याच वॉर्डात, त्याच खाटेपाशी, एम.बी.बी.एस.च्या उमेदवाराला विद्यावेतन मिळते. डॉक्टरांवरची जबाबदारी मोठी, हे आम्हांला मान्य आहे. त्यांना जास्त मिळावे यात वाद नाही. पण एकाला कमीजास्त काही तरी आणि दुसऱ्याला शून्य, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. याचा दुसरा परिणाम असा की, ज्याच्या बापाला पुण्यात आणखी एक वर्ष खोलीचे भाडे भरणे झेपते तोच मुलगा ही विद्या शिकतो. आंब्याच्या बागेत मजुरी करणाऱ्याची किंवा होडीवर तांडेल असलेल्याची हुशार मुलगी पदविकेवर थांबते. गरिबाच्या घरातली औषधांची पिशवी कशी असते हे तिला जन्मापासून ठाऊक असते, आणि तीच नेमकी बाहेर राहते.

तिसरी कसोटी जागेची, आणि खरी मेख इथेच आहे. २०१५ साली फार्मसी प्रॅक्टिसचे नियम निघाले. २०२१ साली त्यांत दुरुस्ती होऊन क्लिनिकल फार्मासिस्टाचे नाव नियमांत आले. परंतु नियमात नाव आले म्हणून हजेरीपटावर येते असे नाही. सरकारी रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकारी हे पद आहे, त्याला पदविका चालते, आणि काम मुख्यतः साठा आणि वाटप यांचे. लांबच लांब रांग, एकटा माणूस, समोर खिडकी. त्याला वॉर्डात जायला सवड कुठून मिळणार? तो बिचारा दोषी नाही, त्याचीही संख्या वाढायला हवी. पण सहा वर्षे शिकून आलेल्या मुलीला त्याच्याच खिडकीत बसवले तर तिची विद्या गंजणार. ग्लिमेपिराइडच्या दोन पट्ट्या ओळखणाऱ्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपल्या मनात आले असेल. उमेदवारी संपल्यावर ज्या इस्पितळाने तिचे कौतुक केले त्यांनीच सांगितले की, आमच्याकडे असे पदच नाही. आता ती एका शहरातल्या कचेरीत संगणकापुढे बसून परदेशी रोग्यांच्या औषधतक्रारींची वर्गवारी करते. पगार बरा आहे. "काका, वॉर्डाची आठवण येते," एवढेच ती एकदा फोनवर म्हणाली.

यावर काही मंडळी म्हणतील, मग मुलांना या वाटेला पाठवूच नये. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याला रोग्याविषयी आस्था आहे, ज्याची घरची तीन वर्षे कळ काढायची तयारी आहे, त्याने जरूर जावे. मात्र जाताना डोळे उघडे ठेवावेत. प्रवेशाच्या आधी आईबापांनी महाविद्यालयाच्या कचेरीत बसून काही प्रश्न विचारावेत. रुग्णालय संस्थेचे स्वतःचे आहे की कराराचे? चालू खाटा किती? वॉर्डाच्या फेरीत अध्यापक रोज असतो काय, आणि एका अध्यापकामागे उमेदवार किती? शेवटच्या वर्षाची फी किती, विद्यावेतन किती? मागच्या तीन वर्षांत उमेदवारी संपवलेली मुले आज कुठे काम करतात? आणि ही उत्तरे लेखी मागावीत. तोंडी आश्वासन आणि समुद्रावरचा वारा यांची दिशा केव्हा बदलेल सांगता येत नाही, हे कोकणच्या माणसाला आम्ही काय सांगावे? अध्यापक वॉर्डात येत नसेल, तर इमारत कितीही देखणी असली तरी उठून यावे. त्यापेक्षा जीपॅट देऊन शिष्यवृत्तीवर एम. फार्म. करणे शहाणपणाचे ठरेल.

आता आपल्या गावाविषयी एक विनंती. रत्नागिरीत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आहे आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलेले आहे. फार्मसीचे शासकीय महाविद्यालयही याच शहरात आहे. जुने प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिथे लिथियमसारखी औषधे रक्तातले प्रमाण मोजून मोजून द्यावी लागतात. आगरात नारळ पडले आहेत, पण ते सोलायला कोयता कोणी उचललेला नाही, अशी आपली स्थिती आहे. फार्मसीचे विद्यार्थी आणि रुग्णालयाचे वॉर्ड यांची गाठ घालून दिली, दोन-तीन जाणकार अध्यापक वॉर्डातच नेमले, उमेदवारांना बेताचे का होईना विद्यावेतन ठेवले आणि रुग्णालयाच्या आकृतिबंधात क्लिनिकल फार्मासिस्टाची चार पदे निर्माण केली, तर आरंभ होईल. आरंभी एकाच वॉर्डात झाला तरी चालेल. सॅन फ्रान्सिस्कोतही आरंभ एकाच मजल्यावर झाला होता.

हे आपोआप होणार नाही. मुलांनी एकत्र यावे, अर्ज करावा, आमदारांना भेटावे, आणि नागरिकांनी त्यांच्या मागे उभे राहावे. विद्यावेतनाची मागणी केली की "शिकायला आलात की पैसे मिळवायला?" असा टोमणा मारला जातो. तो आम्ही शिकाऊ कामगारांच्या बाबतीत पुष्कळ ऐकला आहे. त्याला उत्तर एकच: आम्ही शिकायला आलो आहोत, पण शिकताना जे काम करतो त्याने तुमचा रोगी वाचतो.

तो लेथवाला कामगार परवा बाजारात भेटला. आता सेवानिवृत्त झाला आहे. हातात औषधांची पिशवी होती. आम्ही थट्टेने विचारले, "काय रे, दोन्ही पट्ट्या घेतोस की एक?" त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून दाखवला. त्या मुलीने आठ वर्षांपूर्वी मराठीत लिहून दिलेली गोळ्यांची यादी. सकाळ, दुपार, रात्र. घड्यांवर झिजलेली, चिकटपट्टी लावून जोडलेली. गोळ्या बदलल्या की तो मुलाकडून त्यात दुरुस्ती करून घेतो आणि दर खेपेला नव्या डॉक्टरांपुढे तीच यादी आधी ठेवतो. आपणही घरी गेल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांची पिशवी उघडावी आणि अशी एक यादी करावी. कोणती गोळी कशासाठी हे न कळल्यास दुकानातल्या फार्मासिस्टाला विचारावे. विचारणारे वाढले की सांगणाऱ्यांच्या जागा निर्माण करणे सरकारलाही टाळता येणार नाही, असा आमचा अनुभव आहे.